आइस्क्रीमचा गोळा आणि विजेचं बिल

आजच्या विषयाची सुरुवात एका आइस्क्रीमच्या गोळ्यापासून करू या. २००४ सालचा जुलै महिना. जर्मनीचे तेव्हाचे पर्यावरणमंत्री युर्गेन ट्रिटिन यांनी जाहीरपणे सांगितलं की, अक्षय ऊर्जेला जो आधार आपण देतोय, त्याचा एका सामान्य घराला पडणारा बोजा महिन्याला साधारण एक युरो आहे, म्हणजे आइस्क्रीमच्या एका गोळ्याइतका. हे विधान पुढे त्यांच्या इतकं मागे लागलं की आजही जर्मनीत कुणी वीजबिलावर बोलायला उभं राहिलं की तो गोळा निघतोच. कारण दहा वर्षांनी, २०१४ साली, साडेतीन हजार युनिट वार्षिक वापर असलेल्या घराला त्याच कारणासाठी महिन्याला अठरा युरोंच्या आसपास पडत होते, वर मूल्यवर्धित कर वेगळा. या दहा वर्षांत गोळाही महागला असेल म्हणा, पण अठरा युरोचा नक्कीच झाला नाही.

आम्ही म्हणजे कोण, हे नव्या श्रोत्यांसाठी एका वाक्यात सांगतो. आम्ही चार-पाच जण आहोत, कुणी निवृत्त अभियंता, कुणी अर्थशास्त्र शिकवणारी, एक जण हिशेबनीस. गेली काही वर्षं आम्ही वीजबिलं आणि नियामक आयोगाचे आदेश एकत्र बसून वाचतो. हा छंद घरच्यांना फारसा आवडत नाही. आज एक जण बोलतोय, पण मांडणी सगळ्यांची आहे, म्हणून 'आम्ही'.

आता हे 'जर्मनी बघा' प्रकरण. आपल्याकडे सौरऊर्जेचा विषय निघाला की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, सबसिडीमुळे वीज महागते, जर्मनी बघा. दुसरा म्हणतो, सूर्य फुकट आहे, सगळ्यांची बिलं शून्यावर येणार. दोघंही बिल उघडून बघत नाहीत अशी आमची तक्रार आहे. आजचं व्याख्यान त्या तक्रारीपुरतंच आहे. हवामानबदल, कोळसा, प्रदूषण हे सगळं महत्त्वाचं आहे, पण आज ते बाजूला ठेवतोय. आज फक्त घराचं बिल.

तर जर्मनीत झालं काय? १ एप्रिल २००० रोजी तिथे अक्षय ऊर्जेचा कायदा लागू झाला. त्यातली कल्पना अगदी सोपी होती. तुम्ही छतावर पॅनेल लावा, शेतात पवनचक्की लावा, तयार झालेली वीज ग्रिडवाल्याला घ्यावीच लागेल, आणि ठरलेल्या भावाने वीस वर्षं पैसे मिळतील. सौर विजेचा पहिला भाव होता युनिटमागे ५० सेंटांहून थोडा जास्त, तेव्हाच्या चलनात ९९ फेनिग. घरगुती ग्राहक तेव्हा युनिटला १४ सेंट देत होता. म्हणजे ज्या मालाची किरकोळ किंमत १४, तो ५० ला विकत घ्यायचा. हे वेडेपणाचं वाटतं, पण हेतू स्पष्ट होता. बाजारच अस्तित्वात नव्हता, तो तयार करायचा होता.

हा फरक भरून कोण काढणार? इथे जर्मनीने जो निर्णय घेतला, त्यावर आमचा सगळ्यात मोठा आक्षेप आहे, आणि गंमत म्हणजे सगळ्यात मोठी दादही त्यालाच आहे. पैसे सरकारी तिजोरीतून न देता प्रत्येक युनिटवर अधिभार लावला. बिलावर त्याची स्वतंत्र ओळ आली. सुरुवातीला हा अधिभार सेंटाच्या पाचव्या हिश्श्याइतका होता. २००४ मध्ये, म्हणजे आइस्क्रीमच्या वेळी, सुमारे अर्धा सेंट. तेव्हा ट्रिटिन फार चुकीचं बोलत नव्हते, हेही सांगायला हवं. त्यांची चूक त्या दिवसाच्या आकड्याची नाही, पुढे काय होणार ते न बघण्याची आहे. २०१० मध्ये अधिभार २ सेंट, २०११ मध्ये साडेतीन, २०१३ मध्ये ५.२८, २०१४ मध्ये ६.२४, आणि २०१७ मध्ये ६.८८ पर्यंत गेला.

एवढा का वाढला? २००८ नंतर पॅनेलच्या किमती कोसळल्या, चीनमध्ये प्रचंड कारखाने उभे राहिले. पण जर्मनीतले हमीभाव तेवढ्या वेगाने खाली आले नाहीत. २००९ च्या सुरुवातीला छोट्या छतासाठी भाव ४३ सेंट होता. पॅनेल स्वस्त, भाव चढा, मग लोक काय करणार? २०१०, २०११, २०१२, सलग तीन वर्षं दरवर्षी सात हजार मेगावॉटपेक्षा जास्त सौर क्षमता बसली. २०१३ उजाडेपर्यंत भाव १७ सेंटांपर्यंत उतरला, पण तोवर करार झाले होते. आणि करार वीस वर्षांचे. २०१० च्या छताला २०३० पर्यंत २०१० च्या भावाने पैसे द्यायचे आहेत. आज बसणारं पॅनेल स्वस्त आहे म्हणून ते जुने करार स्वस्त होत नाहीत. जे लोक म्हणतात की 'सौर वीज महाग पडते, जर्मनीचा अनुभव आहे', ते खरं तर सांगतायत की २०१० साली सौर वीज महाग होती. त्यात नवीन काही नाही.

दुसरी गोष्ट जरा गुंतागुंतीची आहे, पण ती समजून घेतल्याशिवाय पुढे जाता येत नाही, तेव्हा दोन मिनिटं सहन करा. २०१० पासून ही सगळी अक्षय वीज घाऊक बाजारात विकायची पद्धत सुरू झाली. हमीभाव वजा बाजारभाव, जो खड्डा उरेल तो अधिभारातून भरायचा. आता दुपारी ऊन पडलं की सगळीकडून वीज येते, तिला इंधनाचा खर्च नाही, त्यामुळे बाजारभाव पडतो. बाजारभाव पडला की खड्डा मोठा होतो. खड्डा मोठा झाला की अधिभार वाढतो. म्हणजे घाऊक वीज जितकी स्वस्त, तितकी बिलावरची ती ओळ मोठी! घाऊक बाजारात थेट खरेदी करणाऱ्याला ही स्वस्ताई लगेच मिळाली. घरगुती ग्राहक काही बाजारात जाऊन वीज घेत नाही. त्याच्या कंपनीने ती स्वस्ताई किती आणि कधी त्याच्यापर्यंत पोचवली, हे कंपनीच्या मर्जीवर.

आणि घाऊक बाजारात थेट खरेदी करणारे कोण? मोठे कारखाने. त्यांनाच अधिभारातून सूटही मिळाली. पोलाद, ॲल्युमिनियम, रसायनं, कागद, जिथे वीज हाच मुख्य खर्च, त्यांना नाममात्र अधिभार. कारण असं दिलं की नाहीतर कारखाने परदेशी जातील. हे कारण अगदीच खोटं नाही. पण सूट मिळवणाऱ्या कंपन्यांची संख्या दोन हजारांच्या आसपास गेली, आणि २०१३ च्या डिसेंबरात युरोपीय आयोगाने या सवलतींची चौकशी सुरू केली. जेवणाचं बिल सगळ्यांनी वाटून भरायचं ठरलं, आणि ज्यांनी सगळ्यात जास्त जेवलं त्यांनी हात धुऊन आधीच गाडी काढली. उरलेल्यांचा वाटा वाढणारच. उरलेले म्हणजे घरं, छोटी दुकानं, बेकऱ्या.

त्यातही भाड्याच्या घरात राहणारे. जर्मनीत निम्म्याच्या आसपास लोक भाड्याने राहतात. त्यांना छत नाही, म्हणून हमीभाव नाही. अधिभार मात्र आहे. स्वतःचं टुमदार घर असलेला शिक्षक छतावर पॅनेल लावून वीस वर्षं पैसे घेतो, आणि चौथ्या मजल्यावर भाड्याने राहणारी सफाई कामगार त्यातला एक भाग भरते. आमचा आक्षेप हा आहे. सबसिडी दिली याला आक्षेप नाही. ती कुणाच्या खिशातून कुणाच्या खिशात गेली, याला आहे.

मग 'सबसिडीमुळे बिल दुप्पट झालं' हे खरं का? हिशेब करू. २००० साली १४ सेंट, २०१४ साली २९ सेंट. वाढ १५ सेंटांची. त्यात अधिभार सहा सेंट आणि थोडे. म्हणजे निम्म्याहून कमी. बाकी वाढ तारांच्या भाड्याची, विजेवरच्या कराची, मूल्यवर्धित कर १६ वरून १९ टक्के झाला त्याची, आणि खुद्द वीजनिर्मितीची. अधिभार बिलावर दिसत होता म्हणून राग त्याच्यावर निघाला. तारांचं भाडं कुणाला दिसतं?

पुढचा प्रसंग फार बोलका आहे. २०२२ साली रशियाने युक्रेनवर हल्ला केला, गॅसचे भाव भडकले, आणि जर्मनीतला घाऊक विजेचा वर्षाचा सरासरी भाव युनिटमागे २३ सेंटांच्या वर गेला. दोन वर्षांपूर्वी तो ३ सेंट होता. आता खड्डा राहिलाच नाही. बऱ्याच अक्षय प्रकल्पांचा हमीभाव बाजारभावापेक्षा खाली गेला. १ जुलै २०२२ पासून अधिभार शून्य झाला, आणि नंतर कायमचा रद्द. पुढचा खर्च सरकारी तिजोरीतून.

अधिभार गेला, मग बिल उतरलं? २०२३ मध्ये घरगुती वीज युनिटमागे ४५ सेंटांच्या वर होती. ज्यांनी वीस वर्षं सांगितलं की महागाईचं मूळ हा अधिभार आहे, त्यांनी या आकड्यावर काय बोलायचं ते बोलावं.

पण तिजोरीतून पैसे देणं हाही काही रामबाण उपाय नाही. २०२४ साली या हमीभावांपोटी सरकारला सुमारे १८ अब्ज युरो मोजावे लागले. आणि त्याच्या आधी, नोव्हेंबर २०२३ मध्ये, तिथल्या घटनात्मक न्यायालयाने हवामान निधीत वळवलेले ६० अब्ज युरो रद्दबातल ठरवले. त्यात तारांचं भाडं खाली ठेवण्यासाठी ठरवलेली मदत बंद पडली, आणि २०२४ च्या जानेवारीत मुख्य वाहिन्यांचं भाडं दुपटीच्या वर गेलं. एका ओळीतून काढलेले पैसे दुसऱ्या ओळीतून बाहेर आले.

इथपर्यंत ऐकून कुणी म्हणेल, अहो, जर्मनांच्या बिलाशी आपला काय संबंध? संबंध आहे, आणि थेट आहे. जर्मन घरांनी जो अधिभार भरला, त्यातून पॅनेलचा जागतिक बाजार उभा राहिला. आपल्याकडे २०१०-११ मध्ये राष्ट्रीय सौर मिशनच्या पहिल्या लिलावात सरासरी भाव १२ रुपयांच्या वर होता. मे २०१७ मध्ये राजस्थानात भडल्याला २ रुपये ४४ पैसे. डिसेंबर २०२० मध्ये गुजरातच्या लिलावात १ रुपया ९९ पैसे. आज महाराष्ट्रात कृषी वाहिन्यांसाठी तीन रुपयांच्या आसपास सौर वीज मिळते, त्यातला मोठा वाटा म्युनिक आणि लायपझिगच्या लोकांनी बिलातून आगाऊ भरलेला आहे. त्यांना याबद्दल कुणी आभाराचं पत्र धाडल्याचं ऐकिवात नाही.

आपणही थोडं भरलंय, तेही सांगू. गुजरातने २००९ च्या धोरणाखाली सौर विजेला पहिली बारा वर्षं युनिटमागे १५ रुपये आणि नंतर तेरा वर्षं ५ रुपये कबूल केले. दोन-तीन वर्षांत बाजारात भाव निम्म्यावर आले, तेव्हा तिथल्या सरकारी वीज कंपनीने आयोगाकडे भाव कमी करण्याची मागणी केली. आयोगाने ती मान्य केली नाही. आमच्या मते योग्यच केलं, कारण करार मोडायची सवय लागली की पुढचा गुंतवणूकदार त्या जोखमीचे पैसे भावात धरतो आणि तेही शेवटी ग्राहकाकडूनच जातात. पण धडा तोच, जर्मनीचा. घाई करणाऱ्याला महाग पडतं, थांबणाऱ्याला स्वस्त, आणि कुणीतरी घाई केल्याशिवाय थांबणाऱ्याला काहीच मिळत नाही.

आता आपल्या घरात येऊ. प्रधानमंत्री सूर्यघर मुफ्त बिजली योजना, फेब्रुवारी २०२४. एक कोटी घरं, ७५ हजार २१ कोटी रुपये. पहिल्या दोन किलोवॅटना किलोवॅटमागे ३० हजार, तिसऱ्याला १८ हजार, म्हणजे जास्तीत जास्त ७८ हजार. हे पैसे केंद्राच्या अर्थसंकल्पातून येतात, बिलातल्या अधिभारातून नाही. जर्मनीच्या तुलनेत ही गोष्ट चांगली आहे, आणि ती आम्ही मोकळेपणाने मान्य करतो. ज्याच्या घरात एक बल्ब आहे त्याच्या युनिटवर बोजा पडत नाही.

पण ७८ हजार ही दिसणारी सबसिडी झाली. न दिसणारी नेट मीटरिंगमध्ये आहे. नेट मीटरिंग म्हणजे दुपारी तुमच्या छतावरून जेवढे युनिट ग्रिडला गेले, तेवढे रात्री तुम्ही घेतलेल्या युनिटांतून वजा. युनिटाला युनिट. आता आपला दर टप्प्याटप्प्याने चढतो. महावितरणच्या २०२४-२५ च्या दरपत्रकात, वहन आकार धरून, शंभर युनिटांपर्यंत ५ रुपये ८८ पैसे, १०१ ते ३०० ला ११ रुपये ४६ पैसे, ३०१ ते ५०० ला १५ रुपये ७२ पैसे. हे आकडे लिहून घ्या, सगळी गोष्ट त्यातच आहे.

दोन घरं घेऊ. हिशेब ढोबळ आहे, स्थिर आकार आणि वीज शुल्क सोडून दिलंय. पहिलं घर महिन्याला ४०० युनिट वापरतं, एसी आहे, गिझर आहे. वीज आकार आणि वहन आकार मिळून त्यांचे ४,४५२ रुपये होतात. त्यांनी ३ किलोवॅट बसवलं. एका किलोवॅटला महिन्याला १२० युनिट धरू, म्हणजे ३६० युनिट. उरले ४० युनिट, तेही सर्वात स्वस्त टप्प्यातले, २३५ रुपये. महिन्याला वाचले ४,२१७. वर्षाला पन्नास हजार. अनुदान वजा जाता खर्च एक लाख दहा-बारा हजार धरला तर सव्वादोन वर्षांत पैसे वसूल, आणि पॅनेल तर वीस-पंचवीस वर्षं चालतं.

दुसरं घर ९० युनिटवालं. दोन खोल्या, पंखे, टीव्ही, फ्रिज. बिल ५२९ रुपये. त्यांनी एक किलोवॅट बसवलं, तीस हजार अनुदान मिळालं, खिशातून तीस-पस्तीस हजार घातले. वर्षाला वाचले सहा हजारांच्या आसपास. पैसे सुटायला पाच-साडेपाच वर्षं. आणि ते पस्तीस हजार एकरकमी आणायचे कुठून, हा प्रश्न आहेच.

म्हणजे अनुदान जास्त कुणाला, तर ज्याला आधीच परवडतं त्याला. हे बरेच जण बोलतात. आम्हाला त्यापुढचं सांगायचंय. वीज कंपनीच्या वहीत काय होतं ते बघा. पहिल्या घरामुळे कंपनीचं उत्पन्न महिन्याला ४,२१७ रुपयांनी घटलं. त्या ३६० युनिटांची खरेदी वाचली, युनिटला पाच रुपये धरा, १,८०० रुपये. तूट सुमारे २,४०० रुपये. तारा, रोहित्रं, वायरमनचा पगार, सगळं आहे तसंच. शिवाय कंपनीला दुपारी मिळालेल्या युनिटच्या बदल्यात संध्याकाळी सातला युनिट द्यायचं आहे. बाजारात दुपारचा भाव पडलेला असतो आणि संध्याकाळी तो मर्यादेला, म्हणजे दहा रुपयांना, जाऊन टेकतो असेही दिवस येतात. तेव्हा २,४०० ही कमीच धरलेली तूट आहे. ती पुढच्या दरनिश्चितीत कुणाकडून येणार? ज्याच्याकडे छत नाही त्याच्याकडून. मुंबई-पुण्यातला फ्लॅटवाला, भाडेकरू, चाळीतला माणूस.

दुसऱ्या घराचं गणित करा. कंपनीचं उत्पन्न ५२९ नी घटलं, आणि खरेदी जवळजवळ तेवढ्याच रकमेची वाचली. म्हणजे छोट्या घराच्या छतावर पॅनेल बसलं तर इतरांच्या बिलावर भार जवळजवळ पडतच नाही. त्याला मिळणारा दर मुळातच सवलतीचा आहे ना! सवलतीची वीज पुरवण्यापेक्षा त्याने स्वतः तयार केलेली सगळ्यांनाच परवडते. २०२५ मध्ये राज्य सरकारने दारिद्र्यरेषेखालच्या आणि शंभर युनिटांपर्यंत वापर असलेल्या घरांसाठी जादा अनुदानाची 'स्मार्ट' योजना आणली. आमच्या टीकेच्या सूरात हे बसत नाही, पण दिशा बरोबर आहे.

इथे एक कबुली द्यायला हवी. हे गणित पहिल्यांदा आमच्यातल्या एकाने मांडलं, तेव्हा दुसरा चांगलाच चिडला. त्याच्या घरी ३ किलोवॅट आहे. तो म्हणाला, वीस वर्षं मी पंधरा रुपयांच्या टप्प्यात बिल भरून दुसऱ्यांची वीज स्वस्त ठेवली, आता स्वतःच्या छतावर स्वतःच्या पैशाने पॅनेल लावलं तर मी चोर झालो का? प्रश्न रास्त आहे. आम्ही दोन बैठका त्यावर भांडलो. शेवटी असं मान्य झालं की दोष त्याचा नाही आणि पॅनेलचाही नाही, दोष टप्प्यांच्या रचनेत आहे. तारांचा खर्च, शेतीची क्रॉस सबसिडी, गळती, सगळं युनिटच्या दरात कोंबलं, आणि वरच्या टप्प्यातल्या लोकांनी जन्मभर तिथेच राहावं अशी अपेक्षा धरली. बाहेर पडायचा दरवाजा उघडला की ते बाहेर पडणारच.

आयोगाला हे कळत नाही असं नाही. २०१९ मध्ये राज्याच्या नियमांचा मसुदा आला, त्यात नेट मीटरिंग ३०० युनिटांपुरतं ठेवायचा प्रस्ताव होता. मोठा विरोध झाला, तो मागे पडला. अंतिम नियमांत ग्रिड आधार शुल्काची तरतूद राहिली, पण राज्यात छतावरची क्षमता ५,००० मेगावॉट होईपर्यंत ते लावायचं नाही आणि १० किलोवॅटपर्यंतच्यांना सूट. भांडण संपलं नाही, पुढे ढकललं गेलं.

आता याच्या अगदी उलट उदाहरण, तेही आपल्याच राज्यातलं. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना. २०१७ ला पहिली, २०२३ पासून २.०. गावाजवळच्या उपकेंद्राशेजारी सौर प्रकल्प, त्यातून त्या भागातल्या कृषी वाहिनीला दिवसा वीज. जमिनीला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं, ग्रामपंचायतीला तीन वर्षं दरवर्षी पाच लाख, केंद्राच्या कुसुम योजनेतून भांडवली मदत. म्हणजे सबसिडी इथेही आहे, भरपूर आहे. पण तीन रुपयांची ही वीज लांबून तारांवरून आणलेल्या महाग विजेची जागा घेते, आणि ती महाग वीज पंपांना देण्यासाठी उद्योगांवर आणि वरच्या टप्प्यातल्या घरांवर जो भार टाकला जातो, तो कमी व्हायला वाव मिळतो. ज्यांनी रात्री दोनला उठून, बिबट्याच्या भागात, पाणी द्यायला शेतात जाणं पाहिलंय त्यांना दिवसाच्या विजेची वेगळी किंमत सांगायला नको.

सौर तीच, सबसिडी तीच, सरकारही तेच. एका ठिकाणी दुसऱ्याच्या बिलावर भार टाकते, दुसऱ्या ठिकाणी भार उतरवू शकते. 'सबसिडीने वीज महाग होते का' या प्रश्नाला म्हणूनच आम्ही हो किंवा नाही असं उत्तर देत नाही. कुठला युनिट वाचला आणि त्या युनिटचे पैसे आधी कोण भरत होतं, एवढं विचारा.

'उतरवू शकते' असं म्हटलं, 'उतरवते' असं नाही. कारण वाचलेले पैसे घराच्या बिलापर्यंत येतात का, हे दरादेशावर आहे. २०२५ च्या मार्चअखेर आयोगाने दरकपातीचा आदेश दिला, काही दिवसांत त्याला स्थगिती मिळाली, जूनमध्ये फेरविचाराचा आदेश आला, तो १ जुलैपासून लागू केला. शेकडो पानं. आम्ही छंद म्हणून वाचणारे, आमचीही दमछाक झाली. ज्या गृहिणीला फक्त आपलं बिल का बदललं ते समजून घ्यायचंय, तिने काय करावं?

आणि इथे आम्हाला जर्मनीचं कौतुक वाटतं. त्यांनी सबसिडी अन्यायाने वाटली, पण बिलावर छापली. ६.२४ सेंट. माणूस बिल हातात घेऊन भांडू शकत होता, आणि भांडला. त्या भांडणातून हमीभाव खाली आले, लिलाव आले, शेवटी अधिभारच गेला. आपण पैसा बऱ्यापैकी न्याय्य ठिकाणाहून, करातून आणतो, पण नेट मीटरिंगची तूट, आंतरराज्य सौर विजेला जून २०२५ पर्यंत दिलेली पारेषण शुल्काची संपूर्ण माफी, यातलं काहीच कुठल्या बिलावर दिसत नाही. आमची मागणी मोठी नाही. दरादेशात एक तक्ता द्या, छतावरच्या सौर ग्राहकांमुळे टप्प्यानुसार किती उत्पन्न घटलं आणि किती खरेदी वाचली. मग नेट मीटरिंग ठेवायचं, बदलायचं की काय ते भांडता येईल. आज जे भांडण चालतं ते आकड्यांशिवाय चालतं, आणि आकड्यांशिवायच्या भांडणात ज्याचा वकील चांगला तो जिंकतो.

एक चिठ्ठी आलीय. 'आमचं स्वतंत्र घर आहे, वापर २५० युनिट आहे. तुमचं ऐकून अपराधी वाटायला लागलं. बसवू की नको?'

बसवा. नियम जसे आहेत तसे वापरण्यात काही गैर नाही, आणि उद्या ते बदलतील या भीतीने थांबूही नका. फक्त दोन गोष्टी. वापर २५० असेल तर दोन किलोवॅट पुरतं. विक्रेता तीन सांगेल, कारण त्याला ७८ हजारांचा आकडा दाखवायचा असतो. वर्षअखेरीस उरलेल्या युनिटांना मिळणारा भाव तुमच्या दरापेक्षा खूप कमी असतो, तेव्हा जास्तीचं पॅनेल म्हणजे पैसे अडकवणं. आणि धुण्याचं मशीन, पाण्याचा पंप, इस्त्री दुपारी चालवायची सवय आत्तापासून लावा. जुलै २०२५ पासून स्मार्ट मीटरवाल्या घरांना सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच या वेळेत युनिटमागे ८० पैशांपासून सवलत देऊ केली आहे, म्हणजे वारा कुठून वाहतोय ते दिसतंय. नेट मीटरिंग उद्या राहो न राहो, दुपारी स्वतःच वापरलेलं युनिट कुणी तुमच्याकडून काढून घेऊ शकत नाही.

पुढची चिठ्ठी बॅटरीबद्दल आहे, ती पुढच्या वेळी घेऊ.